न भाजलेला वाफा

आज दुपारी ओट्यावर बसले होते, तर धूर आला. आधी नाकाला कळला, मग दिसला. डोळे आता उशिरा कामावर येतात, नाक अजून वेळेवर येतं. ऐनाच्या पाल्याचा धूर वेगळा, शेणाचा वेगळा, आणि दोन्ही एकावर एक रचून सावकाश जाळलं की येतो तो तिसराच. तो घाईनं वर जात नाही. जमिनीलगत सरपटतो, बांधाशी थांबतो, मग सवडीनं डोंगराकडे निघतो. चैत्र सरत आला की आमच्या अकोल्याच्या डोंगरात सगळंच असं होतं. डोंगराचं बूड दिसत नाही, नुसता माथा दिसतो, निळा, कशावरही न टेकलेला.

मला आठवणींचं कौतुक नाही. आठवणी काढत बसणाऱ्या बायकांचं दूध उतू जातं. पण हा धूर विचारून आत येत नाही, आणि आला की दरवेळी त्याच एका उन्हाळ्यात नेऊन सोडतो. लढाई संपली होती, रेशन संपलं नव्हतं, आणि राजूरची सर्व्हिस मोटार अजून कोळशाच्या भट्टीवर चालायची, त्या उन्हाळ्यात.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. भाताचं रोप जिथं वाढवायचं तो उतारावरचा तुकडा म्हणजे राब. उन्हाळ्यात त्याच्यावर शेण पसरायचं, त्यावर डहाळ्या आणि पाला, त्यावर गवत, वरून थोडी माती भुरभुरायची आणि वाऱ्याच्या उलट अंगानं पेटवायचं. मग भडका होत नाही, जमीन खालपर्यंत भाजते. पाऊस आला की त्या राखेत भात पेरायचं. तण उगवत नाही आणि रोप जोमानं येतं. ते उपटून पुढं चिखलात लावायचं, त्याला इकडे आवणी म्हणतात.

मी राहात्याकडची. आमच्याकडे पाटाचं पाणी, काळी जमीन, ऊस. शेत पेटलं की माणसं बादल्या घेऊन धावतात. लग्न होऊन इकडे आले, तर पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाई खापरात विस्तव घेऊन शेताकडे निघाल्या.

"आई, शेत जाळताय? पोलीस येईल की."

"येऊ दे. त्याला बी डहाळ्या वाहाया लावू."

सासरे मिशनच्या शाळेचे मास्तर. मी त्यांना बाबा म्हणे, गाव मास्तर म्हणे. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. रविवारी ओसरीवर प्रार्थना व्हायची, आम्ही चार माणसं आणि खांबाला बांधलेला बैल. बैलही एकच, कारण दुसरा शेजारच्या ठकूबाईकडे होता. म्हणजे तो तिचाच होता. तिच्याकडे एक, आमच्याकडे एक, आणि नांगराला लागतात दोन. म्हणून दोन घरांची सावड. तिचा बैल आमच्या शेतात यायचा, आमचा तिच्या. तिची माणसं आमच्याकडे राबायची, आम्ही तिच्याकडे. पैसा मधे यायचा नाही. कोणाचं कोणाकडे किती निघतं हे सगळं ठकूबाईच्या डोक्यात असायचं, आणि ते कधीच आमच्या बाजूनं नसायचं.

शमुवेल माझा नवरा. तेव्हा मी नाव घेत नसे. आता लिहिते, चिडायला ते नाहीत. पुण्याला राहून ते एम. एस्सी. झाले, वनस्पतींच्या विषयात, आणि फाल्गुनात पत्र्याची पेटी घेऊन घरी आले. नगरच्या शाळेत त्यांना शिक्षकाची जागा मिळत होती, जूनपासून. सोबत राहायला दोन खोल्या. त्या खोल्यांच्या मागं नळ होता, हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. आम्ही पाणी आणायचो खालच्या झऱ्यावरून. जाताना उतार, येताना चढ, आणि डोक्यावर भरलेला हंडा. मला नळ हवा होता. हे मी आजही लाजून सांगत नाही.

ह्यांना मात्र पीएच. डी. करायची होती. म्हणजे तीन-चार वर्षं एका मोठ्या प्राध्यापकाच्या हाताखाली एकाच गोष्टीचा पिच्छा पुरवायचा, शेवटी जाडजूड प्रबंध लिहायचा, की लोक डॉक्टर म्हणतात. ताप मात्र उतरवता येत नाही.

"पिच्छा कशाचा?" आईंनी विचारलं.

"राबाचा."

"त्याचा काय पिच्छा? तो कुठं पळतोय?"

ते दिवस आठवले की माणसं नीट दिसत नाहीत, हात दिसतात. डहाळी तोडणारे, गवत पसरणारे, खापर धरणारे. सकाळी रानात जायचं, ऐनाच्या डहाळ्यांचा भारा डोक्यावर घेऊन उतरायचं. पानं डोळ्यांवर यायची, म्हणून सगळा डोंगर हिरव्या फटींतून दिसायचा, हलता. मधेच करवंदीची जाळी लागली की भारा तसाच डोक्यावर ठेवून एका हातानं करवंदं तोडायची. खाऊन झालं तरी त्यांचा चीक ओठांना चिकटून राहायचा. कोणी बोलायचं नाही. लांब पावशा ओरडायचा, आणि धुरामुळे तो कानाशीच ओरडतोय असं वाटायचं. धुरात असं होतं. डोळ्यांना जवळचं लांब जातं आणि कानांना लांबचं जवळ येतं.

दुपारी घरात सगळे आडवे व्हायचे. हे माझ्याशी बोलायचे ते तेव्हाच. छपराकडे बघत बोलायचे, त्यामुळे मला बोलतायत की आढ्याला, कळायचं नाही. राखेत काय काय असतं, जमिनीत न दिसणारे जीव किती असतात, बायका आधी ऐनच का तोडतात, पेटवायचा मान घरात कोणाचा. मी निम्मं ऐकायची, निम्म्यात झोपायची. झोपेत ते शब्द तसेच चालू राहायचे. पृथक्करण हा शब्द मला कितीतरी दिवस एखाद्या पक्ष्याचं नाव वाटायचा, खांद्यावर पांढरा पट्टा असलेल्या.

अडचण अशी होती की ह्यांना राबाचं सगळंच एकत्र शिकायचं होतं. माती आणि माणसं. त्यासाठी पुण्यात ते दोन प्राध्यापकांकडे गेले. एक झाडवाले, एक माणसंवाले. झाडवाले म्हणाले, राख, माती, रोप एवढं माझं. कोण पेटवतं आणि कोणाचा राब आधी, ह्या गप्पा आहेत, त्या काढून टाक, मग ये. माणसंवाले म्हणाले, गप्पा फार छान आहेत. राख काढून टाक, मग ये.

"मग उरलं काय?" मी विचारलं.

"अर्धा मी."

"एक अर्धं घेऊन टाका की. दुसरं मागनं बघता येईल."

"भाकरी एकाच बाजूनं भाजून ताटात वाढतेस का तू?"

"वाढते. सरपण ओलं असलं की."

ते हसले नाहीत. मी विनोद केला नव्हता.

पैशाचं त्याहून पुढं. मिशनचे साहेब भला माणूस. धर्मशिक्षणाला पाठवतो म्हणाले, शिक्षकाच्या परीक्षेला पाठवतो म्हणाले. पण राखेसाठी खर्च? "राख पश्चात्तापाला लागते, शमुवेल," असं म्हणून त्यांनी पाठीवर हात ठेवला. मुंबईत कुठल्याशा शेटजींच्या नावाचा निधी होता, तिथं हे मुलाखतीला गेले. टेबलाच्या पलीकडे माणसं ओळीनं बसली होती. त्यांनी विचारलं, तुम्ही शास्त्रवाले की कलावाले? हे म्हणाले, दोन्ही. शास्त्राची शिष्यवृत्ती शास्त्रवाल्याला गेली, कलेची कलावाल्याला. ह्यांना चहा मिळाला.

मग होळीनंतर झाडवाल्यांचा निरोप आला. मनुष्य कडक होता, पण त्याला राहवत नव्हतं असं दिसतं. निरोप असा: उन्हाळ्याच्या सुट्टीत मी भंडारदऱ्याला, धरणावरच्या बंगल्यात येतोय. तुमचा राब नेहमीसारखा भाजा, पण त्यातलाच एक वाफा भाजू नका. भाजलेली आणि न भाजलेली, एकाच जागची दोन्ही माती मी माझ्या हातानं घेईन. ती तपासण्याजोगी वाटली तर तुला घेतो. प्रयोगशाळेत मदतनीसाची जागा रिकामी आहे, तीही देतो. पगार अर्धा.

म्हणजे गुरू, पैसा, पुणं, सगळं त्या एका वाफ्यावर आलं. दोन खाटा मावतील एवढी जागा. आणि माझा नळही त्याच वाफ्यावर होता, फक्त उलट्या बाजूनं.

राब भाजायच्या दिवशी ह्यांनी तो कोपरा दोरी लावून आखला. त्यावरचं शेण काढलं, पाला काढला, झाडून साफ केला. आई लांबून बघत होत्या.

"सगळ्या अंगाला तेल लावायचं आन् येक कान कोरडा ठिवायचा," त्या म्हणाल्या. पण त्यांनी विस्तव त्या बाजूला जाऊ दिला नाही.

राब जळतो ते बघत बसायचं काम आहे. ज्वाळा दिसत नाही. गवत बसत जातं, मधूनच एखादी डहाळी आत तडकते, आणि वरच्या मातीला श्वास घेतल्यासारख्या भेगा पडतात. आम्ही बांधावर बसून होतो. ऊन होतं की नव्हतं सांगता येणार नाही; धुरामागं सूर्य तांब्याच्या झाकणीसारखा दिसत होता. हे माझ्या शेजारी बसले होते. त्यांच्या भुवयांवर राख बसली होती आणि ते म्हातारे दिसत होते. पुढं ते खरंच म्हातारे झाले तेव्हा मला काही नवीन वाटलं नाही. मी ते आधीच बघितलं होतं.

काळ्या राबात तो कोपरा तेवढा तांबडा राहिला.

प्राध्यापक यायच्या आदल्या दिवशी हे त्यांना आणायला धरणावर गेले. आई आणि मी राजूरच्या बाजाराला गेलो, पाहुण्यांसाठी गूळ आणि चहाची पूड आणायला. बाबा शाळेत. परतताना उतरणीवर थांबलो तर सगळं खोरं धुरानं भरलेलं. एकेका गावचा धूर आपापल्या जागेवरून उठून मधे एकत्र होत होता. आई म्हणाल्या, "आपला गाव कुठं गेला?" मीही शोधला, मला सापडला नाही. धुराला कोणाचं नाव नव्हतं. त्यात एक धूर आमच्या राबातून उठत होता हे आम्हाला कसं कळावं?

सकाळी ऊन चढायच्या आत पाहुणे आले. झाडवाले पुढं, डोक्यावर साहेबी टोपी, पिशवीत खुरपं. त्यांच्या मागं माणसंवालेही, धोतर सावरत, छत्री टेकत, दम लागलेले. मी थंड हवेसाठी आलोय, कामाला नाही, हे त्यांनी आल्याआल्या सांगून टाकलं. दोघं एकाच कॉलेजातले, वर्षानुवर्षं एकाच खाणावळीत समोरासमोर जेवलेले. दोघांनी ह्यांना नाही म्हटलेलं दोघांनाही ठाऊक होतं.

आम्ही बांध चढलो. राब काळा होता. सगळा काळा.

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. चष्म्याचा काही दोष नव्हता.

"न भाजलेला कुठला?" झाडवाल्यांनी विचारलं. तेवढ्यात ठकूबाई आली, पदर खोचून, पाहुणे बघायला.

"बगा कसा झालाय राब! ह्यो कोपरा तं राहूनच गेल्ता. म्या काल भाजून टाकला."

"तुम्ही?"

"मंग कोन? मास्तरीन बाजारला गेल्ती, ह्यो तुमास्नी आनायला. मास्तर पोरांत. पाव्हनं येनार आन् राब असा उघडा? गावाला काय म्हनले आसते तुमी?"

"ठकूमावशी, तो मुद्दाम ठेवला होता," हे म्हणाले.

"मुद्दाम?" तिला पटेना. "म्या म्हनलं डहाळ्या कमी पडल्या. माज्याच घातल्या. सावडीत धरल्यात हां, फुकट न्हाई."

"एकदा विचारायचं होतं, बाई," झाडवाले म्हणाले.

"शेजारी उपाशी दिसला तं आदी इचारता का ताट वाढता, साहेब?"

झाडवाल्यांनी खुरपं परत पिशवीत घातलं. ते चिडले नाहीत, त्यानं जास्त वाईट वाटलं. "मला दोन माती हव्या होत्या, शमुवेल," ते म्हणाले. "इथं एकच आहे."

मला जून दिसला. नगरच्या दोन खोल्या, मागचा नळ, नळाखाली माझाच हंडा. खरं सांगते, मला बरं वाटायला हवं होतं. मी तिथं उभी राहून वाट बघितली. बरं वाटेना. ह्यांच्याकडे बघितलं तर ते त्या कोपऱ्याकडे बघत होते, मेलेल्या जनावराकडे बघावं तसे, आणि त्यांच्या शेजारी ठकूबाई अजून कौतुकाची वाट बघत उभी होती.

मग कोणीतरी हसलं. माणसंवाले. छत्री बाजूला टाकून बांधावर बसले होते आणि पोट धरून हसत होते.

"हसतोस काय?" झाडवाले.

"अरे, तुझा प्रयोग बाईंनी सावडीत धरला!" डोळे पुसून ते ठकूबाईकडे वळले. "बाई, पुढच्या साली परत एक वाफा असाच ठेवला तर?"

"परत भाजू."

"भाजू नका म्हणून सांगितलं तर?"

"तं इचारू, का बरं बाबा."

"आणि कारण पटलं नाही तर?"

"मंग ह्यांची पाठ फिरली की भाजू."

"ऐकलंस?" ते झाडवाल्यांना म्हणाले. "न भाजलेली जमीन तुला इथं फुकट मिळायची नाही. ती कशी शिल्लक राहील, हे आधी शोधावं लागेल. ते राखेत सापडणार नाही."

"तुला सापडेल?"

"मला राखेतलं काय कळतंय? एकट्यानं जमण्यासारखं असतं तर मी ह्या पोराला तेव्हाच घेतला असता."

झाडवाले राबाकडे वळले. "मला माणसांतलं कळत नाही," असं ते म्हणाले, तेही राबालाच.

"म्हंजे दोघांपाशी बी येकयेकच बैल हाय म्हना की," ठकूबाई म्हणाली.

झाडवाल्यांना ते आवडलं नाही. बैल म्हटलेलं कोणाला आवडेल? माणसंवाल्यांना मात्र इतकं आवडलं की जेवताना त्यांनी ते दोनदा म्हणून दाखवलं.

ठरलं ते जेवतानाच. ओसरीवर पानं मांडली होती, नागलीची भाकरी, कुळथाचं पिठलं. विद्यापीठात गुरू म्हणून एकाचंच नाव चालत असे. झाडवाले माणसंवाल्यांकडे बोट करून म्हणाले, सही मी करीन, प्रश्न हा विचारील. जागाही देतो, अर्ध्या पगाराची. पण पुढच्या उन्हाळ्यात मला ह्याच ठिकाणी न भाजलेली माती दिसली पाहिजे, आणि त्याच्या पुढच्याही. नाही दिसली तर सही मागं घेईन.

"आणि राखणार कोण?" माणसंवाल्यांनी विचारलं. "हा तर पुण्यात."

अर्धा पगार पुण्यात एकाच माणसाला पुरला असता. मी इथं राहायचं हे त्यातच आलं होतं. ते कोणी तोंडानं म्हटलं नाही. मला कोणी विचारलंही नाही. बघितलं मात्र सगळ्यांनी. माझ्या हातात भाकरीची टोपली होती.

"राखीन मी," मी म्हणाले.

"कशी?"

"ते माझं मी बघते."

का म्हणाले, ते मला अजून नीट सांगता येत नाही. प्रेमानं म्हणाले असं कोणी लिहील. प्रेम होतं, पण कारण ते नव्हतं. ह्यांना सगळीकडे दोन्हीपैकी एक सोड म्हणत होते, आणि हा माणूस सोडत नव्हता. हट्टी माणसाचा मला राग येतो. पण त्याला हरलेलं बघायला त्याहून नको वाटतं. आणि मला बघायचंही होतं, जमतं का.

जूनमध्ये हे कोळशाच्या मोटारीनं गेले. मोटार चढाला थांबली, तेव्हा उतारूंनी उतरून ढकलली, त्यात हेही होते. डॉक्टर व्हायला निघालेला माणूस मोटार ढकलत गेला. पाऊस पडला, पेरलं, आणि त्या कोपऱ्यातलं रोप सगळ्या राबापेक्षा दाट आलं. ठकूबाईनं आपल्या डहाळ्या काही हात राखून घातल्या नव्हत्या. येणाऱ्याजाणाऱ्याला ती तो कोपरा दाखवायची.

पुढच्या चैत्रात दोरी मी लावली. शेण काढलं, पाला काढला. दुसऱ्या दिवशी ठकूबाई हजर.

"सूनबाई, ह्ये परत काय?"

"मावशी, नवस केलाय. हे भाजायचं नाही."

"कुनाचा नवस?"

"आमच्या देवाचा."

"मंग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, आणि चार पावलं मागं सरकली. तेवढंच लागलं. तिनं गावाला सांगितलं, गावानं मानलं. पोरं गुरं हाकताना त्या कोपऱ्याला वळसा घालून जायला लागली.

बाबांच्या कानावर गेलं तेव्हा ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आपण नवस करत नसतो, मुली. तू गावाला खोटं सांगितलंस."

"बाबा, तुम्ही मुलाचं नाव ज्याच्यावरून ठेवलंत, त्याच्या आईनं मूल व्हावं म्हणून देवळात काय केलं होतं?"

मास्तर होते ते. बायबलातल्या शमुवेलाच्या आईनं नवसच केला होता, हे त्यांना पाठ होतं. आणि खोटं मी बोलले नव्हते. काहीतरी होईपर्यंत एक गोष्ट करायची नाही असं देवासमोर ठरवणं, ह्याला दुसरा कुठला शब्द आहे?

झाडवाले आले, त्यांनी दोन्ही माती घेतल्या. माणसंवाल्यांनी मला बसवून नवसाचं सगळं विचारलं, आणि मी सांगितलं, चुलीपाशी, कांदा चिरत. पुढची वर्षं मला वेगळी आठवत नाहीत. सगळी एकाच धुरात आहेत. हे सुट्टीत यायचे, वाफ्यापाशी बसायचे, जायचे. झऱ्याची वाट, हंडा, आवणीचा चिखल, ठकूबाईच्या शेतात सावडीचे दिवस, कारण ह्यांच्या वाटचं कामही आता माझ्याकडून निघत होतं. दर चैत्रात ती विचारायची, "फिटला का गं नवस?" मी म्हणायची, "न्हाई अजून." तिच्याशी बोलता बोलता मीही तिच्यासारखी बोलायला लागले होते.

मग एकदाचे हे डॉक्टर झाले. इंग्रज गेले होते तोवर. ठकूबाईला पेढा दिला तर ती आधी डहाळ्यांच्या ढिगाकडे वळली. "फिटला की आता. भाजू का?"

"यंदा राहू दे, मावशी."

"का गं?"

"असंच."

"असंच" हे कारण तिनं आयुष्यात तेव्हा एकदाच मान्य केलं.

पुढं आम्ही कॉलेजांच्या गावोगाव राहिलो. मला नळ मिळाला, कितीतरी नळ मिळाले. नळ वाहताना बघण्यात जी मजा वाटली ती पहिले आठ दिवस. हे उन्हाळ्यात गावी आले की तो कोपरा सोडायला लावायचे. अभ्यास संपला होता, सही झाली होती, दोघे प्राध्यापकही गेले. विचारलं तर म्हणायचे, सवय. निवृत्त होऊन इथंच परत आलो तेव्हाही सवय. ते गेल्यावर मीही सोडत आले. मी त्याला सवयसुद्धा म्हटलं नाही.

आता शेत ठकूबाईचा नातू अर्धेलीनं, निम्म्या वाट्यानं, करतो. अंगणात नळ आहे, ग्रामपंचायतीचा, एक दिवसाआड येतो. त्या वाफ्यावर गवत माजतं, पावसाआधीच पिवळी फुलं येतात, आणि गावात कोणालाच आता ठाऊक नाही की तिथं काय होतं. नवस आहे एवढं ठाऊक आहे. कसला, ते नाही. यंदा गुडघ्यांनी मला बांधापर्यंत जाऊ दिलं नाही, म्हणून दोरी लावायची राहिली. दुपारभर मी ओट्यावर बसून धूर बघत होते, आणि त्यात आपला कुठला ते ह्या वेळीही मला ओळखता आलं नाही.

दिवस कलता कलता ठकूबाईची नातसून आली, मंदा. हात काळे, केसांत राख, भुवयांवरही.

"आजी, तुमचा त्यो कोपरा दरसाली राहूनच जातो. तुमी न्हाई आल्या, मंग म्या यंदा भाजून टाकला. डहाळ्या आमच्याच घातल्या." माझ्या तोंडाकडे बघून ती जराशी थांबली. "नवस हुता ना कायतरी? फिटला आसंल आता एवढ्या सालांत. का चुकलं माजं?"

मी तिच्या भुवयांकडे बघत होते.

"सावडीत धरल्यास का?" मी विचारलं.

"काय?"

"डहाळ्या. सावडीत धरल्यास का?"

"आता कुठली सावड, आजी!" ती हसली. "तुमी काय फेडनार?"

"धर तरी. फुकट नको."

"बरं बाई, धरते," म्हणून ती नळावर हात धुवायला गेली. आज नळाचा दिवस नव्हता. मी तिला आतून तांब्या दिला.

त्या कोपऱ्यातलं भाजलेल्या जमिनीतलं रोप मी जन्मात एकदाच बघितलं आहे. पाऊस पडून पेरणी झाली की गुडघे काही म्हणोत, जाऊन बघणार आहे.